सालईच्या डिंकाने गुडघा हलका होतो का?

उन्हाळ्यात सातपुड्याच्या उतारावर सालई ओळखायला वेळ लागत नाही. पानं झडून झाड उघडंबोडकं उभं असतं, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटत असतात आणि घाव बसला तिथे सुवासिक डिंक ओघळून सुकलेला दिसतो. हा डिंक धूप म्हणून जळतो आणि आयुर्वेदात शल्लकी या नावाने सांधेदुखीवर दिला जातो.

या डिंकाकडे आधुनिक औषधशास्त्राचं लक्ष गेलं ते १९८०च्या दशकात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले आणि सूज उतरवण्याचा त्याचा गुण १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे या गुणाचं श्रेय डिंकातल्या बॉस्वेलिक आम्लांकडे गेलं. त्यांतलं सर्वांत प्रभावी मानलं जातं ते ‘एकेबीए’.

सांध्यात दाह सुरू झाला की पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटतं. कॉक्स नावाची विकरं त्यापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं बनवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या हेच काम अडवतात. पण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनंही त्यात कमी होतात, म्हणून पोट बिघडतं. त्याच ॲराकिडोनिक आम्लापासून ५-लायपॉक्सिजनेज हे दुसरं विकर दाह वाढवणारे ल्युकोट्राइन बनवतं. एकेबीए अडवतं ते या विकराला. कसं, याचं चित्र २०२०मध्ये स्फटिक-रचनेतून दिसलं. विकराचं काम जिथे चालतं त्या लोहाच्या अणूपासून बऱ्याच दूर, त्याच्या दोन भागांच्या बेचक्यात हा रेणू पाचरीसारखा बसतो. त्यामुळे ल्युकोट्राइन कमी होतातच, शिवाय दाह शमवण्याकडे झुकणारे पदार्थ बनू लागतात.

एवढ्यावर टाळ्या वाजवायला हरकत नव्हती. पण एकेबीए आतड्यातून रक्तात फार कमी उतरतं. परीक्षानळीत जेवढ्या मात्रेने विकर थांबतं, तेवढी मात्रा गोळी घेणाऱ्याच्या रक्तात बहुधा सापडत नाही. म्हणून काही संशोधकांना शंका आहे की खरं काम वेगळ्याच ठिकाणी, प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर होत असावं. गोळी स्निग्ध जेवणासोबत घेतली तर रक्तातली मात्रा कैक पटींनी वाढते, हे मात्र मोजून पाहिलेलं आहे.

माणसांवर काय दिसलं? नागपूरच्या डॉक्टरांची २००३मधली चाचणी आजही उद्धृत होते. गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण, निम्म्यांना अर्काच्या ३३३ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून ३ वेळा, उरलेल्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. ८ आठवड्यांनी गट उलटवले. वेदना कमी झाल्या, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. क्ष-किरण चित्रात मात्र फरक नव्हता. म्हणजे दुखणं उतरलं, झिजलेला सांधा तसाच राहिला. ‘कूर्चा पुन्हा तयार होते’ असं छापणाऱ्या जाहिराती ही एक ओळ लक्षात ठेवून वाचाव्यात.

३० हा आकडा लहानच. कोक्रेन संस्थेच्या २०१४मधल्या आढाव्याने अशा चाचण्या एकत्र तपासल्या. १०० गुणांच्या मोजपट्टीवर ९० दिवसांनी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची वेदना ४० होती, समृद्ध अर्क घेणाऱ्यांची २३. हा फरक किरकोळ नाही, पण तो ठरावीक प्रमाणित अर्काचा आहे. बाजारातून आणलेल्या डिंकाच्या पुडीला किंवा प्रत्येक दुकानी गोळीला तो लागू करता येणार नाही.

‘वनौषधी आहे, बाधत नाही’ हेही खरं नाही. नागपूरच्या रुग्णांत काहींना जुलाब, मळमळ, पोटदुखी झालीच. गोळी घ्यायची तर वेष्टनावर बॉस्वेलिक आम्लांचं प्रमाण लिहिलंय का ते पाहा, जेवणासोबत घ्या आणि काही आठवडे वाट पाहा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.