अमेरिकेतील पहिले राजकीय पक्ष : मतभेद आणि राजद्रोह यांमधील सीमारेषा (१७८९–१८०१)

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख कोठेही नाही. हा विसर नव्हे. १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे घटना तयार करणाऱ्या बहुतेकांच्या मते पक्ष हा प्रजासत्ताकाला जडणारा रोग होता. असे असताना घटना अमलात आल्यावर दहा वर्षांच्या आत त्याच मंडळींनी दोन पक्ष उभे केले आणि एकमेकांना देशाचे शत्रू ठरविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. द्विपक्षपद्धती शिकविताना आपण सहसा या दशकावरून चटकन पुढे जातो. सरकारला विरोध करणे आणि राष्ट्राशी द्रोह करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अमेरिकन राज्यकर्त्यांना या काळात कसे व किती शिकावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थोडे शब्दांविषयी. त्या काळच्या इंग्रजीत 'पार्टी' आणि 'फॅक्शन' हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जात. आपल्याकडे 'तट' किंवा 'दुफळी' म्हणताना जो नापसंतीचा सूर असतो, तोच त्यात होता. उर्दूत विरोधी पक्षाला 'हिज्ब-ए-इख्तिलाफ' म्हणतात. इख्तिलाफ म्हणजे मतभेद. त्यात वैर अभिप्रेत नाही. १७९० च्या अमेरिकेत सरकारविरोधी मताकडे पाहताना इख्तिलाफ मनात येत नसे, फितुरीच येत असे.

येथे पाठ्यपुस्तकांतील एक घोटाळा दूर केला पाहिजे. घटनेच्या मंजुरीच्या वेळचे 'फेडरलिस्ट' व 'अँटि-फेडरलिस्ट' हेच पुढचे दोन पक्ष झाले, असे सर्रास लिहिले जाते. तसे असते तर जेम्स मॅडिसनचे काय करायचे? घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेत त्याचा मोठा वाटा होता. तिच्या दहाव्या लेखात (नोव्हेंबर १७८७) त्याने असे मांडले की, तट नाहीसे करता येत नाहीत, कारण ते मालमत्तेच्या विषम वाटपातून व मनुष्यस्वभावातून येतात. मात्र प्रजासत्ताक विस्तीर्ण असेल तर कोणताही एक तट सहजासहजी शिरजोर होणार नाही. पाच वर्षांच्या आत हाच मॅडिसन विरोधी गटाचा संघटक झाला, आणि लेखमालेतील त्याचा सहकारी अलेक्झांडर हॅमिल्टन सत्तारूढ गटाचा नेता. फूट पडली ती घटना मानणाऱ्यांमध्येच.

तिचे मूळ कर्जाच्या प्रश्नात होते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टन अर्थमंत्री होता, थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री. स्वातंत्र्ययुद्धाचे केंद्रीय कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होते आणि राज्यांचे सुमारे अडीच कोटी. जानेवारी १७९० च्या अहवालात हॅमिल्टनने सुचविले की, सर्व कर्जरोखे दर्शनी किमतीने मान्य करावेत आणि राज्यांचे कर्जही केंद्राने घ्यावे. हिशेब म्हणून योजना चोख होती. पण युद्धात सैनिकांना पगारापोटी मिळालेले रोखे त्यांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकून टाकले होते. आता पूर्ण किंमत मिळणार होती ती शहरांतील सट्टेबाजांना. मूळ धारकांनाही वाटा द्यावा, ही मॅडिसनची सूचना प्रतिनिधिगृहाने ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपले कर्ज बरेचसे फेडले होते. इतरांचे ओझे आम्ही का वाहावे, हा त्यांचा सवालही गैर नव्हता. शेवटी राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या बदल्यात दक्षिणेकडील काही मते वळली आणि योजना संमत झाली. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेचा कायदा आला, तेव्हा वाद घटनेच्या अर्थापर्यंत गेला. घटनेत जे स्पष्ट दिलेले नाही ते करण्याचा अधिकार केंद्राला आहे काय? हॅमिल्टन म्हणाला, आहे. जेफरसन म्हणाला, नाही.

मंत्रिमंडळातील हा वाद पक्षाच्या रूपाने बाहेर आला तो वर्तमानपत्रांमुळे. 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' हे पत्र हॅमिल्टनची बाजू मांडीत असे. ऑक्टोबर १७९१ मध्ये फिलिप फ्रेनो या कवीने 'नॅशनल गॅझेट' काढले, आणि त्याच्या निर्वाहासाठी जेफरसनने त्याला आपल्याच खात्यात वार्षिक २५० डॉलरची अनुवादकाची नोकरी दिली. म्हणजे सरकारी पगार घेणारा संपादक सरकारवर रोज आसूड ओढीत होता! हॅमिल्टननेही टोपणनावाने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना पत्रे लिहून सबुरीचा सल्ला दिला. दोघांनी आदरपूर्वक उत्तरे दिली आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारला.

१७९३ पासून फ्रान्स व इंग्लंड यांच्यातील युद्धाने या भांडणात आग ओतली. फ्रेंच क्रांतीविषयी सहानुभूती असणारे ते रिपब्लिकन, इंग्लंडशी व्यापार व स्थैर्य हवे असणारे ते फेडरलिस्ट, अशी विभागणी गावोगावी झाली. इंग्लंडबरोबरच्या जे कराराच्या अंमलबजावणीसाठी पैसे मंजूर करण्याचा ठराव एप्रिल १७९६ मध्ये अवघ्या ५१ विरुद्ध ४८ मतांनी पार पडला. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनने आपल्या निरोपाच्या निवेदनात पक्षवृत्तीपासून सावध राहण्यास सांगितले. त्या निवेदनाच्या मसुद्याचा बराचसा भाग हॅमिल्टनच्या हातचा होता, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. १७९६ च्या निवडणुकीत जॉन ॲडम्सला ७१ आणि जेफरसनला ६८ निर्वाचक मते पडली. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार उपाध्यक्ष, असा तेव्हाचा नियम असल्याने अध्यक्ष एका पक्षाचा व उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा झाला. घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते, त्याचा हा परिणाम.

खरी कसोटी १७९८ मध्ये लागली. फ्रान्सशी युद्धाची शक्यता दिसताच फेडरलिस्ट बहुमताने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिखाण केल्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. यादीत उपाध्यक्ष मात्र नव्हता. जेफरसनवर कोणी काहीही लिहावे! मजकूर खरा असल्याचा बचाव कायद्याने मान्य केला होता, आणि त्या काळाच्या मानाने ही सुधारणाच होती. पण राजकीय मत खरे की खोटे हे न्यायालयात कसे सिद्ध करणार? व्हर्माँटचा रिपब्लिकन प्रतिनिधी मॅथ्यू लायन याला ॲडम्सवरील टीकेबद्दल चार महिने कैद व एक हजार डॉलर दंड झाला. तो तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला. दंडाची रक्कम काँग्रेसने १८४० मध्ये व्याजासह त्याच्या वारसांना परत केली.

जेफरसन व मॅडिसन यांनी केंटकी व व्हर्जिनिया विधिमंडळांचे निषेधाचे ठराव नाव गुप्त ठेवून लिहिले. यातही सगळे निर्मळ नाही. केंद्राचा कायदा राज्यांना निरर्थक ठरविता येतो, हा त्यांतील विचार पुढे गुलामगिरीच्या समर्थकांनी उचलला.

१८०० मध्ये जेफरसन व त्याचाच सहउमेदवार ॲरन बर यांना सारखी, म्हणजे ७३ मते पडली, ॲडम्सला ६५. गुलामांची तीन पंचमांश गणना होत असल्याने दक्षिणेला जादा निर्वाचक मिळत. ते नसते तर ॲडम्स जिंकला असता, असे अनेक इतिहासकार मानतात. निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. १६ पैकी ९ राज्यांचे बहुमत हवे होते. ११ फेब्रुवारी १८०१ पासून मतदानाच्या ३५ फेऱ्या निष्फळ ठरल्या. हॅमिल्टनने आपल्या पक्षाला बरपेक्षा जेफरसन पत्करा असा सल्ला दिला होता. छत्तिसाव्या फेरीत काही फेडरलिस्ट बाजूला झाले. व्हर्माँटचे मत जेफरसनला देणारा लायनच होता. ४ मार्चला ॲडम्स पहाटेच राजधानीतून निघून गेला, शपथविधीला थांबला नाही. पण सत्ता सैन्याविना हस्तांतरित झाली. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले.

यावरून विरोधी पक्षाचे स्थान लगेच मान्य झाले असे समजू नये. आपण सारेच रिपब्लिकन व सारेच फेडरलिस्ट आहोत, अशा आशयाचे जेफरसनचे पहिले भाषण उदार मानले जाते. पण त्याची अपेक्षा फेडरलिस्ट हळूहळू आपल्यात विरघळतील अशीच होती. १८१६ नंतर त्या पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवारच दिला नाही. स्पर्धक पक्ष असणे देशाला हितकारक आहे, असे उघडपणे मांडणारी पिढी त्यानंतरची, मार्टिन व्हॅन ब्युरेनची. आणि जेफरसनचे 'रिपब्लिकन' म्हणजे आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे. तो १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी स्थापन झाला. जेफरसनचा वारसा सांगत आला तो डेमोक्रॅटिक पक्ष.