फोन आपला, टपाल कचेरीचं

माझी धाकटी मुलगी बी.कॉम. होऊन पुण्यात एका सी.ए.च्या ऑफिसात लागली. पहिला पगार झाला त्या रात्री तिचा फोन आला, "अब्बा, ऑफिसचा मेल आपापल्या फोनवर घ्या म्हणून सांगितलंय. माझा जुना फोन तर दुपारपर्यंतच मान टाकतो. नवा घ्यायचा तर आयफोन घेऊ की अँड्रॉइड?"

फोनसंबंधी काही विचारायचं असलं की आमच्या घरी सगळे माझ्याकडे वळतात. यात माझ्या शिक्षणाचा काही वाटा नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. पण पोटासाठी रत्नागिरीत, आंब्याचा रस डबाबंद करून आखातात पाठवणाऱ्या पेढ्यांमध्ये पत्रव्यवहार सांभाळण्यात माझी वीसहून अधिक वर्षं गेली. जहाज सुटायची तारीख, बँकेच्या एल.सी.मधली दुरुस्ती, डब्यावरच्या लेबलातली चूक, सगळं मेलनं येतं. आणि कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं. तिथं दुपारचे चार वाजतात तेव्हा इथं साडेसहा झालेले असतात, ऑफिसला कुलूप लागलेलं असतं. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणजे आपला रविवार त्यांचा कामाचा. तेव्हा मेल खिशात घेऊन फिरणं आमच्या धंद्यात चैन कधीच नव्हती. पाच-सहा तऱ्हेच्या फोनांवर मी तो वाचला आहे, आणि त्यातल्या एकानं मला चांगलाच धडा दिला. तो पुढं सांगतो.

मुलीला म्हटलं, कॅमेरा आणि रंग तूर्त बाजूला ठेव. तुला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. टपाल तुझ्यापर्यंत पोचतं कसं, ही एक. आणि ते पोचवणाऱ्याच्या हाती तुझ्या घराची किल्ली किती जाते, ही दुसरी.

पहिली आधी. माझ्या लहानपणी आमच्या खाडीकाठच्या गावात प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आखातात किंवा बोटीवर असायचं. काही जणी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायच्या. काहींना दम नसायचा, त्या रोज पोस्टात जाऊन विचारून यायच्या, "काही आलंय का?" फोनचंही असंच आहे. काही फोन दर पंधरा मिनिटांनी किंवा तासानं मेलच्या पोस्टात, म्हणजे सर्व्हरवर, चक्कर मारतात. त्याला 'फेच' म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत मेल आला की सर्व्हरच फोनला हाक मारतो. हे 'पुश'. पहिल्यात खेपा फुकट जातात, बॅटरी खर्ची पडते आणि मेल उशिरा दिसतो.

ही हाक मारण्याची कला नोकरदार जगाला शिकवली ती कॅनडातल्या ब्लॅकबेरीनं. १९९९ साली त्यांचं पहिलं यंत्र आलं, दिसायला पेजरसारखं. भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये आला. बारीक मण्यांसारख्या बटणांचा तो फोन आमच्या शेठच्या हातात असायचा, आणि मेल आला की त्यावर लाल दिवा लुकलुकायचा. जेवताना तो लुकलुकला की शेठचा घास हातातच राहायचा. मात्र या साऱ्या टपालाची वाट ब्लॅकबेरी कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेतून जायची. ते टपाल वाचता येईना म्हणून २०१० मध्ये आपल्या सरकारचा आणि कंपनीचा वाद झाला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच यंत्रणेत बिघाड होऊन युरोप, आखात, भारत इथले ब्लॅकबेरी काही दिवस मुके झाले. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीनं त्या जुन्या फोनांची सेवाच बंद केली. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोनही मेलसाठी सुटसुटीत होता, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि २०२० च्या सुरुवातीला त्याचा कारभार आटोपला. आता बाजारात उरले दोघेच, ॲपलचा आयफोन आणि गूगलचं अँड्रॉइड. अँड्रॉइड हे एका फोनचं नाव नाही, ते अनेक कंपन्यांच्या फोनांत भरलेलं चलनवलन आहे. एकाच पिठाच्या भाकऱ्या, पण प्रत्येकीचा तवा वेगळा.

मेल पोचण्याच्या बाबतीत दोघांचीही एकेक खोड आहे. आयफोनमध्ये मुळातच दिलेलं 'मेल' नावाचं ॲप आहे. त्यात एक्स्चेंज पद्धतीचं खातं असेल, म्हणजे मोठ्या कंपन्यांत असतं तसं, तर हाक तत्काळ येते. पण आपल्याकडच्या कितीतरी लहान पेढ्या जीमेलवर चालतात, आणि जीमेलचं खातं त्या ॲपमध्ये घातलं की फोन ठराविक वेळानं पोस्टात जाऊन विचारायला लागतो. लोक म्हणतात, एवढा महागाचा आयफोन आणि मेल उशिरा का? उपाय सोपा आहे, गूगलचं स्वतःचं जीमेल ॲप घालायचं. त्यात हाक येते.

अँड्रॉइडची खोड उलटी. तिथं जीमेल घरचंच, हाक लगेच. पण बॅटरी वाचवण्यासाठी २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, पडून राहिलेला फोन मागं चालणाऱ्या ॲपना झोपवतो. गूगलनं ही झोप बेताची ठेवली आहे, तातडीची हाक तीतूनही पोचते. काही कंपन्यांनी मात्र त्यावर आपल्या पदरचं अफू चारलं. एका रविवारी कुवेतहून दुपारी बाराला मेल निघाला, लेबलावरच्या अरबी मजकुरात मुदतीची तारीख चुकली आहे, छापू नका. माझ्या फोननं तो मला रात्री नऊ वाजता, मी स्वतः मेलचं ॲप उघडलं तेव्हा दाखवला. तोवर लेबलं छापून, कापून, गठ्ठे बांधून झाले होते. छापखान्याचं बिल आणि शेठचं तोंड, दोन्ही मला बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन मेलच्या ॲपला झोपेतून सूट दिली. हे काम नवा फोन घेतल्याच्या दिवशीच करावं.

आता किल्लीची गोष्ट. माझ्या मते सगळ्यात मोठी हीच, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही.

२०१३ पर्यंत मी एका पेढीत होतो. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. तिथं आमच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल जोडून दिला. जोडताना पडद्यावर एक पान आलं. या खात्याला फोनचे पुढील अधिकार मिळतील, असं त्यावर लिहिलं होतं. पासवर्डचे नियम ठरवणे, पडदा कुलूपबंद करणे, आणि पूर्वसूचना न देता फोनमधली सर्व माहिती पुसून टाकणे. खाली 'चालू करा' असं बटण. बँकेच्या कागदावर आपण फुलीच्या जागी सही करत जातो, तसं मी ते दाबलं.

पुढं मी नोकरी सोडली. रीतसर राजीनामा, हार, नारळ, सगळं झालं. चार दिवसांनी संध्याकाळी बंदरावर बसलो होतो. खिशातून फोन काढला तर तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत होता. चालू झाला तेव्हा कोरा करकरीत. भाषा निवडा, म्हणाला. कंपनीच्या संगणकवाल्या मुलानं माझं खातं काढताना 'पुसा'ची आज्ञा दिली होती. त्याच्या लेखी तो कंपनीच्या टपालाचा बंदोबस्त होता. माझ्या लेखी त्या फोनच्या टिपणवहीत चाळीसेक कविता होत्या, बसमध्ये, गोदामात, एल.सी.ची वाट बघत बँकेच्या बाकावर लिहिलेल्या, बऱ्याचशा रोमन अक्षरांतली मराठी. फोन नंबर गूगलच्या खात्यातून परत आले. कविता आल्या नाहीत. त्यातल्या अकरा मला आठवून लिहिता आल्या. बाकीच्यांपैकी काहींची एखादी ओळ आठवते आणि पुढं पाऊल पडत नाही. तो मुलगा घरी येऊन चहा पिऊन गेला. त्याला तरी काय बोलणार, अधिकार मीच दिला होता.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नव्हतं, म्हणूनच त्यावर इलाज निघाला. अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, 'वर्क प्रोफाइल' आलं. एकाच फोनमध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण असते. कार्यालयाची सत्ता त्या बाजूपुरती. नोकरी सुटली की ते बिऱ्हाड रिकामं होतं, आपल्या बाजूचे फोटो, संदेश, कविता तशाच राहतात. शिवाय कामाची बाजू संध्याकाळी एका बटणानं बंद ठेवता येते, ती चिन्हं करडी पडतात. मला ही सोय फार आवडते. आयफोनमध्ये २०१९ साली, तेराव्या आवृत्तीपासून, स्वतःच्या फोनसाठी 'यूजर एनरोलमेंट' आलं. त्यात कंपनीची माहिती वेगळ्या कप्प्यात राहते आणि संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार कंपनीला मिळतच नाही. पण तिथं भिंत डोळ्यांना दिसत नाही, ब्रीफकेसची खूणही नाही. तेव्हा भिंत दाखवण्यात अँड्रॉइड सरस, असं माझं मत.

मात्र या भिंती आपोआप उभ्या राहत नाहीत. कार्यालयानं त्या पद्धतीनं फोन जोडावा लागतो. आजही एक्स्चेंजचं खातं थेट फोनच्या मेलमध्ये घातलं तर पूर्ण फोन पुसण्याची आज्ञा देता येते. म्हणून ऑफिसात विचारायचं, "मी नोकरी सोडली तर तुम्ही काय पुसणार? माझा फोन की तुमचा मेल?" नवीन मुलाला असं विचारायला संकोच वाटतो, पण पगाराबद्दल विचारतोच ना आपण. आणि कंपनीनं फोन तिच्या पैशानं दिला असेल तर तो तिचाच समजावा, त्यात घरचं काही ठेवू नये.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी जाता जाता एक. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल मेलला जोडून आली, तर फोन कुठलाही असो, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचराच दिसतो, कारण तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. पाठवणाऱ्याला युनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून पाठवायला सांगावं. आणि कळफलक मराठीचा घ्यावा, हिंदीचा नको. हिंदीला आपल्या 'ऱ्य'ची गरज पडत नाही. एका दिवाळी अंकासाठी मी घाईत फोनवरून कविता पाठवली. त्यात सह्याद्रीच्या दऱ्या होत्या, छापून आला तो दर्या. संपादकांना वाटलं, कोकणातला माणूस, समुद्रच म्हणायचा असेल!

किंमतीचं थोडक्यात. ऑफिसच्या मेलसाठी भारी फोन लागत नाही, पण सुरक्षेची भर, म्हणजे अपडेट, किती वर्षं मिळणार हे डब्यावर नसलं तरी विचारून घ्यावं. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल आठला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये एस चोवीसला सात वर्षांचं वचन दिलं. आयफोनलाही बरीच वर्षं अपडेट मिळत राहतात, म्हणून वर्ष-दोन वर्षं वापरलेला आयफोन वाईट सौदा नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्ये ही मुदत फार कमी असू शकते, आणि ती संपलेल्या फोनला काही कार्यालयं मेल जोडूच देत नाहीत.

मुलीनं अखेर मधल्या किमतीचा, लांब मुदतीचा अँड्रॉइड घेतला. सी.ए.साहेबांना तो प्रश्नही विचारला. ते म्हणाले, चौकशी करून सांगतो, आणि खरोखरच चौकशी करून वर्क प्रोफाइलची व्यवस्था केली. शनिवारी दुपारी तिचा पुन्हा फोन आला. समोर ते अधिकारांचं पान उघडलं होतं. मी म्हटलं, एकेक ओळ मोठ्यानं वाच. ती वाचत गेली.

"अब्बा, इथं लिहिलंय, संस्था हे प्रोफाइल आणि त्यातली माहिती काढून टाकू शकते."

"प्रोफाइलच ना? फोन म्हटलेलं नाही? पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. "प्रोफाइलच. दाबू?"

"दाब," मी म्हटलं.