चालत्या घराचा वाटाड्या

चूल, शय्या आणि स्नानगृह यांसह रस्त्याने धावणारे जे वाहन अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हणून ओळखले जाते, त्यातून महिनोन्‌महिने मुलूख पालथा घालणाऱ्या प्रवाशांपैकी अनेकांनी २००० नंतरच्या दशकात वाटाड्याचे काम लॅपटॉपकडे सोपवले. कारण त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकली होती.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत यूएसबीच्या तारेने जोडलेला, पुढच्या काचेपाशी ठेवलेला काड्यापेटीएवढा ग्राहक टिपतो, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अक्षांश-रेखांश काढतो आणि लॅपटॉपला कळवतो. नकाशा तबकडीवर आधीच साठवलेला असला म्हणजे नेवाडाच्या ओसाड मुलखात, जेथे मोबाइल मुका होतो, तेथेही पडद्यावरचा बाण बिनचूक सरकत राहतो. विस्तीर्ण पडद्यावर आठवड्याभराच्या मुक्कामांची तजवीज एका दृष्टिक्षेपात दिसते, हे सुख तळहातावरच्या यंत्रात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो पडदा सहप्रवाशाच्याच ताब्यात असावा.

परंतु सामान्य नकाशाला वाहनाची उंची ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या ‘पार्कवे’ रस्त्यांवरील कित्येक पूल इतके ठेंगणे आहेत की, बारा-तेरा फूट उंचीचे छप्पर त्यांखालून जाणे अशक्य. म्हणून जाणता चालक आपल्या गाडीची उंची, छतावरील वातानुकूलन यंत्रासह मोजून, ठळक अक्षरांत सुकाणूचक्राशेजारी चिकटवून ठेवतो.