हार घालण्याआधी

खंडेनवमीची सकाळ. पौडच्या पुढे, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मामाचं घर. अंगणात दोन गाड्या डबल स्टँडवर चढवल्या आहेत. एक मामाची जुनी स्प्लेंडर, दुसरी त्याच्या पोराची पल्सर. विळे, कोयता, पहार, कुदळ धुऊन ओट्यावर मांडून झालंय. आता या दोघींची पाळी. परवापर्यंत पाऊस होता, त्यामुळे मडगार्डांच्या आत खाचराच्या चिखलाचे थर वाळून पोपडे धरलेत. समोर भात निसवून पिवळसर पडू लागलंय.

पोरगा मोटार लावून पाइप ओढायला निघतो.

"ठेव तो पाइप," मामा म्हणतो. "दोन बादल्या बास."

यात थोडी कंजुषी आहे, पण ती या तालुक्याला शोभणारी आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करायला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच वाड्या घागरी मोजतात. शिवाय जोराची धार चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत पाणी घुसवते, हेही खरंच.

इंजिनाजवळ तळहात नेऊन मामा अंदाज घेतो. थंड आहे. सायलेन्सरच्या तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबली जाते. पहिले काही मग नुसत्या पाण्याचे, चिखल भिजायला. पोरगा लगेच फडकं उचलतो आणि मामा त्याचा हात धरतो. वाळल्या चिखलात रेती असते. त्यावर फडकं फिरलं की टाकीवर चरे उठलेच. मामी कपडे धुवायची पावडर आणून देते, तीही परत जाते. पावडरीनं कळकट निघतं, पण रंगावरचं उरलंसुरलं मेणही निघतं. त्याऐवजी एका बादलीत शाम्पूच्या दोन पुड्या, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी.

वरून खाली असा क्रम चालतो. टाकी, सीट, साइड कव्हर, इंजिन, शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं, ते टाकीला लागू द्यायचं नाही. स्प्लेंडरच्या टाकीवर अजून 'हीरो होंडा' ही जोडीची अक्षरं आहेत. डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं. मामानं मात्र ती अक्षरं जपलीत, त्यांच्या कडांवर तो जोर देत नाही.

तारांच्या चाकाशी आल्यावर त्याचा वेग मंदावतो. दात घासायच्या जुन्या ब्रशानं तो एकेक तार घासतो आणि घासता घासता प्रत्येक तार बोटांनी दाबून पाहतो. मागच्या चाकाची एक तार सैल लागते. फुटरेस्टच्या सांध्याशी गंज दिसतो. ब्रेकच्या रॉडची पिन झिजलीय. वॉशिंग सेंटरवर फेसाची तोफ मारून गाडी दहा मिनिटांत चकाचक मिळते, पण तिथे सैल तार कुणाच्या बोटांना लागत नाही. घरी धुण्याचा माझ्या मते हाच खरा फायदा, चमक नंतरची.

पल्सरची चेन उघडी आहे, त्यामुळे ती पोराच्या वाट्याला. रेशनवर मिळायचं तेव्हाचं रॉकेल मामानं एका बाटलीत जपून ठेवलंय. पेट्रोलला हात लावायचा नाही, चेनमधल्या रबरी रिंगांना ते बाधतं. पोरगा ब्रश बुडवतो आणि सहज म्हणतो, "चालू करून गिअर टाकतो, आपोआप फिरंल."

मामा काही न बोलता गाडीची किल्ली काढून खिशात घालतो. मग बोलतो, "चाक हातानं फिरव. बोट एकदा आत गेलं की झालं."

चेन पुसून कोरडी होते, तिला नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब लागतं, वरचं जास्तीचं पुसलं जातं. त्याच हातानं पोरगा पुढच्या डिस्ककडे वळतो आणि पुन्हा ओरडा खातो.

गाड्या आता सावलीत, जांभळाखाली. कोरड्या मऊ फडक्यानं टिपून घेतल्यावर मामा दोन डबे उघडतो. पॉलिश आणि मेण यांत तो गल्लत करत नाही. पॉलिशमध्ये बारीक खर असते, ती रंगाचा अगदी पातळ थर खरवडून चरे सपाट करते; म्हणून ते क्वचितच, आणि हलक्या हातानं. मेण काही काढत नाही, वर बसतं. त्याचा बोटभर गोळा स्पंजावर घेऊन तो टाकीवर लहान लहान गोल फिरवतो. थोड्या वेळानं धुरकट साय धरते, ती दुसऱ्या फडक्यानं पुसली की खालून काळा रंग वर येतो. उन्हात हेच केलं तर मेण पुसायच्या आधी वाळून चिकटतं.

डब्यावर कार्नौबाचं नाव आहे. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ते धरतं. इथे त्याचं काम उलटं, बाहेरचं पाणी आत येऊ न देण्याचं. आणि पाणी किती? जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून बराच अधिक.

म्हणूनच मला दसऱ्याचा मेणाचा हात थोडा उशिराचा वाटतो. मी तसं म्हणतो. मामा हसतो.

"हा आरशासाठी. खरा हात मृगाआधी. तवा मेण म्हंजे गाडीचं इरलं."

इरलं पाऊस आल्यावर विणत नाहीत, हे त्याला सांगावं लागत नाही. मेच्या शेवटी त्यानं स्प्लेंडरला मेण लावलं होतं. पोरानं पल्सरला लावलं नव्हतं. चार महिन्यांनी आज दोन्ही टाक्या शेजारी आहेत आणि कुठली कुणाची ते लांबून कळतंय. वयानं दुप्पट असलेली उजवी दिसते.

पोराला पौडला जाऊन झेंडू आणायचाय. पिशवी सायलेन्सरमधून निघते, किक बसते, इंजिन थोडा वेळ तसंच चालू राहतं म्हणजे आतलं पाणी सुकेल. मामा त्याला फाटकापर्यंत दोनदा थांबवतो आणि पुढचा-मागचा ब्रेक दाबायला लावतो. पहिल्यांदा स्प्लेंडर जरा घसरतच थांबते, दुसऱ्यांदा जागेवर.

उद्या-परवा तुम्हीही गाडी धुवाल. हार घालून तडक रस्त्याला लागू नका. ड्रममध्ये पाणी शिरलं की ओले लायनर धरत नाहीत, ओली डिस्कही पहिल्या दाबाला दगा देते. आधी गल्लीतच हळू चालवून ब्रेक दोन-चारदा दाबून घ्या, मग निघा.