खुन्याची परिभाषा : मेडोज टेलर यांच्या ठगकथेविषयी

फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यावेळी मराठीतील ‘यमुनापर्यटन’ (१८५७) निघण्यास अद्याप अठरा वर्षांचा अवकाश होता. कादंबरीचा निवेदक अमीर अली ७१९ माणसांच्या हत्येत आपला हात असल्याचे सांगतो, आणि तेही पश्चात्तापाचा सूर न लावता. एकामागून एक खून करणाऱ्याची कथा त्याच्याच तोंडून वदविणाऱ्या आजच्या कादंबऱ्यांचे हे एक प्राचीन रूप होय.

लंडनच्या वाचकास ती दूरदेशीची अद्भुतकथा वाटली असल्यास नवल नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी येथील वाचकास मात्र ती तशी वाटू नये. कादंबरीतील टोळी वऱ्हाडातून, अमरावतीवरून हैदराबादकडे जाते. आणि या दिशेच्या वाटा पैनगंगा ओलांडूनच दक्षिणेस उतरत. टेलर निजामाच्या चाकरीत होते. पुढे १८५७ मध्ये ते वऱ्हाडात, बुलढाण्यास, अधिकारी म्हणून आले. मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. प्रवासाची वर्णने म्हणूनच सजीव उतरली आहेत. प्रेमप्रकरणे तितकीच कंटाळवाणी आहेत.

कथेतील खरी भीती रक्तपातात नाही, शब्दांत आहे. सावजाला ठग ‘बनिज’ म्हणतात, म्हणजे व्यापाराचा माल. गोड बोलून प्रवाशास टोळीत ओढणारा ‘सोथा’, गळा आवळणारा ‘भुरतोत’, प्रेते पुरणारा ‘लुघाई’, आणि खुनाची इशारत ती ‘झिरनी’. ‘तंबाखू आणा’ एवढे साधे वाक्य उच्चारले जाते आणि रुमाल गळ्याभोवती पडतो. ‘बनिज’ हा शब्द संस्कृत ‘वणिज्’शी निगडित आहे, आपला ‘वाणी’ त्याच कुळातला. माणसाला माल म्हटले की उरलेले काम हिशेबाचे होते. अमीर अलीचा शांतपणा या शब्दांतूनच आलेला आहे.

या शब्दांचा संग्रह विल्यम स्लीमन यांनी १८३६ मध्ये कलकत्त्यास ‘रामासीआना’ या नावाने छापला व त्यास ठगांची ‘भाषा’ म्हटले. येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. तिचे व्याकरण हिंदुस्थानीचेच आहे. बदललेली आहेत ती मुख्यतः नामे व काही क्रियापदे. ही सांकेतिक परिभाषा होय, स्वतंत्र भाषा नव्हे. जनावरांच्या बाजारातील दलाल उपरण्याखाली बोटे धरून सौदा करतात, त्यांनाही आपले गुप्त अंकशब्द असतात; तेवढ्याने दलालांची निराळी जात सिद्ध होत नाही. धंदा शिकता येतो, तशी त्याची बोलीही शिकता येते.

शिवाय हा संग्रह झाला तो माफीच्या साक्षीदारांकडून. ज्याचा जीव जबानीवर अवलंबून आहे तो विचारणाऱ्यास हवे ते सांगण्याचा संभव मोठा. खून झाले, प्रेते सापडली, हे नाकारता येत नाही. परंतु देवीच्या आज्ञेने चालणारा, बापाकडून मुलाकडे जाणारा अखिल भारतीय पंथ कितपत खरा, याविषयी मार्टिन व्हॅन वोर्केन्स व किम वॅगनर यांच्यासारख्या संशोधकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत.

नवलाची गोष्ट अशी की, स्वतः कादंबरीच या वंशपरंपरेच्या विरुद्ध साक्ष देते. अमीर अली जन्माने ठग नाही. त्याच्या आईबापांचा खून करणाऱ्या इस्माईलनेच त्याला मुलगा म्हणून वाढविले, आणि पुढे अजाणता तो आपल्या सख्ख्या बहिणीचाही बळी घेतो. टेलर यांच्या हातून कलावंत म्हणून जे लिहून गेले, ते सरकारी सिद्धान्तात बसत नाही. कादंबरीचे सर्वांत मोठे बळ तेथेच आहे.

कायद्याने मात्र सिद्धान्तच उचलला. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. विशिष्ट खून शाबीत होण्याची गरज उरली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोच विचार समूहच्या समूहांना लावला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, सर्व देशात रद्द झाला. या कायद्याखाली आलेल्यांत पारधी होते. यवतमाळ जिल्ह्यातही वस्ती असलेल्या फासेपारध्यांच्या नावातील ‘फासे’ आणि ठगांचे दुसरे नाव ‘फासीगर’ यांचे मूळ एकच, ‘पाश’. पहिला फास मात्र तित्तिर व ससे धरण्याचा आहे.