पंधराशे तेवीस मतांचा वाद

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. गुलाल धुतला गेला, पण मंचर-घोडेगावपासून नारायणगाव-ओतूरपर्यंत त्यावरचा वाद काही मिटला नाही. आंबेगावात दिलीप वळसे पाटलांना १,०६,८८८ मतं आणि शरद पवार गटाच्या देवदत्त निकमांना १,०५,३६५. फरक १,५२३. शेजारच्या जुन्नरला अपक्ष शरद सोनवणे ७३,३५५ मतांवर निवडून आले, शरद पवार गटाचे सत्यशील शेरकर ६६,६९१ वर थांबले आणि तेव्हाचे आमदार अतुल बेनके तिसरे गेले. या आकड्यांवर कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते त्यांचा अर्थ काय लावायचा यावर, आणि तिथेच काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की त्या एकदा तपासायला हव्यात.

पहिली अर्थातच आंबेगावची. ‘नावाच्या माणसानं घात केला, नाहीतर निकम आमदार होते.’ याच नाव-आडनावाचा एक अपक्ष रिंगणात होता, वडिलांचं नाव तेवढं वेगळं. चिन्ह ट्रम्पेट. त्याला २,९६५ मतं पडली. फरकाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. मतदान यंत्रावर एका ओळीत अनुक्रमांक, नाव, छोटा फोटो, चिन्ह आणि निळं बटण असतं. चष्मा घरी विसरलेल्या आजीनं ‘निकम’ आणि ‘वाजवायचं काहीतरी’ एवढंच लक्षात ठेवलं असेल, तर शरद पवार गटाचं चिन्ह असलेला तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसतं ट्रम्पेट यात तिची गल्लत होऊ शकते. त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात याच गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले, आणि तिथे ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती. तेव्हा तर त्या चिन्हाचं मराठी नावही ‘तुतारी’ असंच छापलेलं होतं.

मग घात झाला हे सिद्ध झालं का? नाही. निकाल फिरायला त्या २,९६५ पैकी किमान १,५२४ मतं चुकून तिकडे गेलेली असायला हवीत, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. तसं झालंही असेल. पण कुणी कुणाला चुकून मत दिलं हे गुप्त मतदानात कधीच कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर ‘खरा आमदार कोण’ हे ठरवता येत नाही. माझं म्हणणं इतकंच की इथे ‘शक्य आहे’ हे शब्द प्रामाणिक आहेत, ‘नक्कीच’ हा नाही.

सारख्या नावाच्या माणसाचा अर्ज बाद व्हायला हवा होता, असंही ऐकू येतं. कायद्यात तसं काही नाही. नावं सारखी असतील तर व्यवसाय किंवा पत्ता जोडून ती वेगळी दाखवावीत, एवढंच नियम सांगतो. फोटो छापायची पद्धत २०१५ पासून आली, ती याच गोंधळावरचा उपाय म्हणून. मे २०२४ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा आई-वडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला निवडणूक लढवण्यापासून अडवायचं कसं, असं म्हणून न्यायालयानं याचिका ऐकायला नकार दिला.

हा उद्योग आपल्याकडचाच आहे असं समजून खजील व्हायचंही कारण नाही. १९९४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत इंग्लंडमधल्या डेव्हन भागात रिचर्ड हगेट नावाचा एक गृहस्थ ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणून उभा राहिला. खरा पक्ष ‘लिबरल डेमोक्रॅट’. हगेटला १०,२०३ मतं मिळाली आणि लिबरल डेमोक्रॅटचा उमेदवार अवघ्या ७०० मतांनी पडला. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल काही बदलला नाही. बदलला तो कायदा. १९९८ मध्ये ब्रिटननं पक्षांच्या नावांची नोंदणी सुरू केली.

आता जुन्नर. ‘तीनपैकी दोघांना नको असलेला माणूस आमदार झालाच कसा?’ आकडा बरोबर आहे. पहिल्या तिघांचीच मतं धरली तरी सोनवण्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आत राहतो, सगळे उमेदवार धरले तर तो आणखी खाली येतो. पण पन्नास टक्के मिळालेच पाहिजेत असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता. सगळ्यांत पुढे तो विजयी, मग पुढे एका मतानं असो की लाखानं. ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली आणि तिथेही तिच्यावरून हेच भांडण चालतं. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षानं ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेतल्या. रिफॉर्म पक्षाला चाळीस लाखांवर मतं पडली, जागा ५. लिबरल डेमोक्रॅटना त्याहून कमी, सुमारे पस्तीस लाख मतं, आणि जागा ७२! तिथली मतमोजणी कागदी मतपत्रिकांची, हातानं होणारी. तरी वाद आहेच, कारण तो यंत्राचा नाही, पद्धतीचा आहे. २०११ मध्ये ती बदलायची का, असं सार्वमत घेतलं तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी ‘नको’ म्हणून सांगितलं.

याच पद्धतीतून ‘मतं खाल्ली’ हा जुन्नरचा लाडका शब्दप्रयोग येतो. २०१९ ला सोनवणे शिवसेनेकडून ९,०६८ मतांनी हरले आणि अपक्ष आशा बुचके यांनी पन्नास हजारांच्या घरात मतं घेतली. तेव्हा त्यांनी सोनवण्यांची मतं खाल्ली म्हणायचं. २०२४ ला सोनवणे स्वतः अपक्ष उभे राहिले आणि जिंकलेच, म्हणजे आता कुणी कुणाची खाल्ली? मत हे आधीपासून कुणाच्या तरी ताटात वाढलेलं होतं, असं धरल्याशिवाय ते खाता येत नाही. याच तालुक्यानं २०१४ ला राज्यातला मनसेचा एकमेव आमदार दिला होता आणि २०२४ ला अख्ख्या २८८ मध्ये निवडून आलेल्या दोन अपक्षांपैकी एक दिला. इथला मतदार पक्षाच्या खात्यावर ठेव म्हणून मत ठेवत नाही, हे एवढ्यावरून दिसावं.

‘लोकसभेला शरद पवार गटाच्या कोल्हेंना १,४०,९५१ चं मताधिक्य आणि पाच महिन्यांत उलटं कसं?’ यात भूगोल विसरला जातो. शिरूर लोकसभेत जुन्नर, आंबेगाव, खेडबरोबर शिरूर, भोसरी आणि हडपसरही आहे, आणि ते मताधिक्य या सगळ्यांचं मिळून होतं. आंबेगाव विधानसभेत तर शिरूर तालुक्यातली चाळीसेक गावं येतात. तालुका आणि मतदारसंघ एकच नव्हेत.

‘नोटा पहिला आला की फेरनिवडणूक’ हे विधानसभेला लागू नाही. नोटानंतर ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येतो. गोंधळ व्हायला कारण मात्र आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये तशी तरतूद केली, पण ती स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी.

आणि ‘आयोगाकडे तक्रार केली की निकाल रद्द होतो’, हेही नाही. निकाल जाहीर होण्याआधी फेरमोजणी मागता येते. जाहीर झाल्यावर रस्ता एकच, ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ब्रिटनमध्ये हीच मुदत २१ दिवस. केंद्रावर किती मतं पडली हे सांगणाऱ्या नमुना १७-सीची प्रत पोलिंग एजंटला त्याच संध्याकाळी मिळते. ती जपून ठेवणारा कार्यकर्ता नंतर मुद्देसूद बोलू शकतो, बाकीच्यांचा नुसता आवाज मोठा होतो.

लंडनला नोकरीला गेलेल्या मुलाला तिथे मत नसतं आणि गावाकडचं मात्र तिथूनच देता येतं, या दोन्ही समजुती तर उलट्या आहेत. तो भारतीय पासपोर्टवर असला तरी राष्ट्रकुलातला रहिवासी म्हणून ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत रीतसर नाव नोंदवून मत देऊ शकतो. जुन्नरच्या निवडणुकीत मात्र त्याला मोबाइलवरून किंवा टपालानं मत देता येत नाही. परदेशस्थ मतदार म्हणून गावच्या यादीत नाव लागतं, पण मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं.