रिकाम्या वाफ्यात हरभऱ्याचे खत

दिवाळी झाली की पावसाळ्यातली भेंडी, दोडकी, काकडी संपत येते. वेल काढले की परसबागेतले दोन-तीन वाफे मोकळे होतात. उन्हाळी भाज्या लावायला जानेवारीची अखेर उजाडते. मधले दोन महिने वाफ्यात नुसते तण माजते. याच दिवसांत त्याच वाफ्यात खत कसे तयार करायचे, ते आज आम्ही सांगणार आहोत. याला हिरवळीचे खत म्हणतात.

हिरवळीचे खत म्हटले की ताग आणि धैंचा आठवतो. पण ती पावसाळ्यातली पिके. थंडीत नीट वाढत नाहीत. थंडीत हरभरा किंवा मेथी पेरावी. बी घरच्या डब्यातलेही चालते. आधी थोडे दाणे भिजवून फडक्यात बांधून ठेवा. बहुतेकांना मोड आले, तर बी चांगले. 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद वाफ्याला मूठभर हरभरा किंवा दोन मोठे चमचे मेथी पुरते. पाणी बेताचेच द्या. हरभऱ्याच्या मुळाशी पाणी साचले तर रोप मरते.

हरभऱ्याचा बेवड चांगला, असे आपली जुनी माणसे म्हणतात. त्याचे कारण मुळांवरच्या गाठींत आहे. त्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र घेऊन रोपाला देतात. एखादे रोप हलक्या हाताने उपटा आणि गाठ नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी, लालसर दिसली तर काम चालू आहे असे समजा.

आता खरी कसोटी. 40-50 दिवसांत हरभरा फुलावर येतो. तेव्हाच तो कापून मातीत गाडायचा असतो. घरात कुणीतरी म्हणणारच, "घाटे धरायच्या वेळी का उपटतेस?" पण दाणे भरू लागले की रोपातले नत्र दाण्यांत जाते. दाणे आपण खातो, मग मातीला उरते थोडेच. खोडही निबर होते, ते लवकर कुजत नाही. घरच्यांना नाराज करायचे नसेल तर एक वाफा हुरड्यासाठी, सोलाण्यासाठी राखा आणि दुसरा मातीला द्या. फुले येण्याआधी कोवळे शेंडे खुडून भाजीही करता येते. खुडल्याने हरभऱ्याला फुटवे जास्त येतात. मेथीचाही एक खुडा घ्या, मग गाडा.

गाडताना पाला विळ्याने बोटभर लांबीचा चिरा. मुळे जमिनीतच राहू द्या. पाला कुदळीने चार-पाच बोटे खोल मातीत मिसळा, वरून शेणाचे पातळ पाणी शिंपडा आणि माती ओलसर ठेवा. त्यानंतर तीन आठवडे काही लावू नका. पाला कुजत असताना बी टाकले तर ते सडते, रोपेही पिवळी पडतात. पाला ओळखू येईनासा झाला आणि मातीला पावसाळ्यासारखा वास आला, की वाफा तयार झाला. संक्रांतीनंतर त्यात भेंडी, काकडी, वांगी लावा.

खताची पिशवी विकत आणायची तर घरात पैसे मागावे लागतात. मूठभर हरभऱ्यासाठी कुणाला विचारावे लागत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, यंदा एक तरी वाफा मातीसाठी पेरा.